गिऱ्हाइकाच्या माथी मारलेला वाद

शहराबाहेर, अफाट वाहनतळाच्या मधोमध, बिनखिडक्यांच्या खोक्यासारखी उभी असलेली सवलतीच्या दरांची महादुकाने आणि त्यांच्यापुढे टिकाव न लागून बंद पडत चाललेली वस्तीतली लहान दुकाने यांच्यावरचा वाद आता इतका साचेबंद झाला आहे की, त्यातला पुढचा संवाद कोणालाही आधीच सांगता यावा. एक गिऱ्हाईक वैतागून म्हणते की, तिथे विचारायला माणूस सापडत नाही, हवी ती वस्तू नेमकी संपलेली असते, बिलाच्या दहा काउंटरांपैकी दोनच चालू असतात आणि फळीवर लावलेली किंमत पावतीवरच्या किमतीशी जुळत नाही. त्यावर दुसरे कोणी तत्काळ सुनावते की, चार पैसे वाचवायला तुम्हीच तिथे जाता, तेव्हा आता रडू नका. शेजारच्या दुकानदाराकडून घेतले असते तर ही वेळ आली नसती. मग तिसरा उठतो आणि शेजारचा दुकानदार कसा चढा भाव लावतो, माल बदलून देताना कशा कपाळाला आठ्या घालतो आणि आपण कामावरून परतण्याच्या आत कसे दुकान बंद करून मोकळा होतो, याचा पाढा वाचतो. तासाभराने वाद थांबतो तेव्हा महादुकानाबद्दल किंवा लहान दुकानाबद्दल कोणालाच नवे काही कळलेले नसते. गिऱ्हाईक लोभी की भाबडे, एवढ्याच मुद्द्यावर दोन तट पडलेले असतात.

या वादात आरोपीच्या पिंजऱ्यात भलताच माणूस उभा केला आहे, असे माझे मत आहे. महादुकानातला त्रास कारभारातला ढिसाळपणा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तिथला स्वस्तपणा ज्यातून येतो त्याचाच तो एक हिस्सा आहे. त्या स्वस्तपणाचा काही भाग खऱ्या कार्यक्षमतेतून येतो: माल कमी हातांतून जातो, कमी नासतो, वेगाने फिरतो. उरलेल्या भागात मात्र खर्च कमी झालेला नसतो, तो उचलून दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर टाकलेला असतो, मग तो पुरवठादार असो, गावाची तिजोरी असो किंवा स्वतः गिऱ्हाईक असो. फळीसमोर उभ्या असलेल्या माणसाला या दोन भागांची फोड करता येत नाही, कारण त्याला दिसते ती एकच किंमत. ही फोड कायद्याने करायची असते, आणि लहान दुकानदारांनी एकत्र येऊन बाजारात करून दाखवायची असते. गिऱ्हाइकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर हे काम सोपवणे म्हणजे गढूळ पाण्याचा जाब पाणी पिणाऱ्याला विचारण्यासारखे आहे.

महादुकानांच्या बाजूचे सर्वांत भक्कम म्हणणे आधी मान्य करायला हवे. ही दुकाने खरोखरच स्वस्त आहेत. अर्थशास्त्रज्ञ एमेक बास्कर यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकेतल्या एखाद्या शहरात वॉलमार्ट उघडल्यानंतर टूथपेस्ट, शाम्पू, कपडे धुण्याची पावडर अशा नेहमीच्या वस्तूंच्या किमतींचे काय होते, हे तपासले. अनेक वस्तूंच्या किमती सुरुवातीला दीड ते तीन टक्क्यांनी उतरल्या आणि दीर्घ मुदतीत ही घट त्याच्या सुमारे चौपट झाली, असे त्यांना आढळले. ही घट शहरातल्या सरासरी किमतींची होती, म्हणजे जो त्या दुकानाची पायरीही चढला नाही त्यालाही ती काही प्रमाणात मिळाली. ज्या घराच्या मिळकतीचा मोठा हिस्सा अन्न आणि साबण यांतच संपतो, त्या घराला या टक्क्यांचा अर्थ वेगळा कळतो. त्या घरातल्या बाईला 'थोडे जास्त द्या, पण शेजाऱ्याला जगवा' असा उपदेश करणाऱ्याने तिच्या मिळकतीची किती माहिती करून घेतली आहे? स्वतःच्या बचतीतून दानधर्म करणे वेगळे आणि दुसऱ्याच्या तुटीतून तो करायला सांगणे वेगळे.

दुसरी कबुली अधिक कडू आहे. लहान दुकान म्हणजे आपुलकी, असे सरसकट मानणाऱ्यांनी त्या दुकानांचा इतिहास चाळावा. 1844 च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी विणकर आणि इतर कामगारांनी मिळून टोड लेन या रस्त्यावर एक सहकारी दुकान उघडले. पीठ, साखर, लोणी, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच त्यांचा माल होता. पण निर्भेळ वस्तू, पुरते वजन आणि रोख व्यवहार हे त्यांचे नियम पुढे जगभरच्या सहकारी चळवळीचे मूळ ठरले. असे नियम लिहून ठेवण्याची वेळ का आली? गावातल्या दुकानांत ते गृहीत धरण्याची सोय नव्हती म्हणून. त्यानंतर काही वर्षांतच डॉक्टर आर्थर हिल हॅसल यांनी लंडनच्या दुकानांतून आणलेले खाद्यपदार्थांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पावातली तुरटी आणि कॉफीतली चिकोरी उघडकीला आणली, आणि त्या गदारोळातून 1860 साली भेसळीविरुद्धचा पहिला व्यापक ब्रिटिश कायदा झाला. हे सगळे चालत होते ते ओळखीच्या, पायी जाण्याच्या अंतरावरच्या दुकानांत.

ओळख ही गोष्टदेखील नेहमी वरदान नसते. यादवी युद्धानंतरच्या अमेरिकेच्या दक्षिण भागात चौरस्त्यावरचा दुकानदार रोखीची एक आणि उधारीची दुसरी किंमत लावत असे, उधारीला तारण म्हणून शेतातले उभे पीक लिहून घेत असे, आणि पंचक्रोशीत दुसरे दुकान नसल्यामुळे काळ्या कुळाला त्याच्यापुढे मान खाली घालण्यावाचून गत्यंतर नसे. 1890 च्या दशकापासून सिअर्स या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीचा जाडजूड कॅटलॉग टपालाने खेडोपाडी पोहोचू लागला तेव्हा त्यातली छापील किंमत गोऱ्याला आणि काळ्याला एकच होती. टपालाने पाठवलेल्या मागणीपत्रावर कातडीचा रंग दिसत नव्हता. अनोळखीपणातही एक प्रतिष्ठा असते, हे ज्याच्या खरेदीकडे कधी कोणी वाकड्या नजरेने पाहिले नाही त्याला सहज समजत नाही. सवलतीच्या दुकानांचे आकर्षण केवळ किमतीत नव्हते. कोणाच्या उपकाराखाली न येता खरेदी करता येते, यातही ते होते.

मग आजच्या तक्रारीत तथ्य काय उरते? माझ्या मते बरेच उरते. ते समजण्यासाठी 1916 साली टेनेसीतल्या मेम्फिस शहरात जावे लागेल. तोवर किराणा घेण्याची रीत अशी होती की, गिऱ्हाइकाने काउंटरसमोर उभे राहून वस्तू सांगायच्या आणि दुकानातल्या नोकराने त्या फळीवरून काढून, मोजून, बांधून द्यायच्या. क्लॅरेन्स साँडर्स यांनी त्या वर्षी उघडलेल्या 'पिगली विगली' या दुकानात हा काउंटर उठवला. फिरत्या फाटकातून आत जायचे, आखून दिलेल्या वाटेने सगळ्या फळ्यांसमोरून फिरायचे, किंमत लिहिलेली वस्तू आपल्या हाताने उचलायची आणि शेवटी पैसे द्यायचे. नोकरांचा खर्च वाचला, भाव उतरले, आणि गिऱ्हाइकाला स्वतः निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले. या अदलाबदलीत गिऱ्हाइकाने आपले श्रम दिले आणि त्या बदल्यात काहीतरी पदरात पाडून घेतले, म्हणून मी तिला न्याय्य म्हणतो.

पुढच्या प्रत्येक पायरीवर मात्र हा हिशेब थोडा थोडा झुकत गेला. 1937 मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची ढकलगाडी आणली, कारण हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवते, हे त्यांच्या लक्षात आले होते. गंमत म्हणजे सुरुवातीला कोणी ती गाडी हातात धरेना. शेवटी त्यांनी पगारी माणसे नेमून त्यांना गिऱ्हाइकांसारखे गाड्या ढकलत दुकानात फिरवले. 1962 साली अमेरिकेत वॉलमार्ट, केमार्ट आणि टार्गेट ही तीन सवलतीची दुकाने एकाच वर्षात सुरू झाली आणि 1963 मध्ये फ्रान्समध्ये कारफूर या कंपनीने पॅरिसजवळ आपले पहिले हायपरमार्केट, म्हणजे किराण्यासकट सगळा माल एकाच छपराखाली विकणारे महादुकान, उघडले. दुकान आता शहराच्या कडेला गेले, म्हणजे माल घरापर्यंत नेण्याचे शेवटचे काही मैल गिऱ्हाइकाच्या मोटारीवर, पेट्रोलवर आणि वेळेवर पडले. मोठ्या प्रमाणावर साठवण करणेही त्याच्याकडे आले, कारण दूर जायचे तर महिन्याचे एकदम आणायचे. पूर्वी ज्याला कोठार म्हणत ते दुकानदाराच्या मागच्या खोलीत असे; आता ते गिऱ्हाइकाच्या घरात आले, आणि त्याचे भाडे कोणी मोजत नाही.

1980 च्या दशकात आलेले आणि या शतकात सर्वत्र पसरलेले गिऱ्हाइकाने स्वतःच बिल करण्याचे यंत्र ही या साखळीतली सर्वांत बोलकी कडी आहे. थोड्या वस्तू घेतलेल्या घाईतल्या माणसाला ते सोयीचे पडते, हे खरे. पण मेम्फिसच्या दुकानात स्वतः वस्तू उचलणाऱ्याला उतरलेल्या भावात मोबदला दिसत होता. आज स्वतः बिल करणाऱ्याला पावतीवर कोणती सूट दिसते? काउंटरवर माणसाकडून बिल करून घेणाऱ्याची आणि यंत्रासमोर घाम गाळणाऱ्याची किंमत सारखीच असते. वर यंत्राला शंका आली की, दिवा पेटतो आणि काम करणाऱ्याचीच झडती होते. चोरीचे आणि चुकांचे प्रमाण पाहून कंपन्यांनीच आता पाय मागे घ्यायला सुरुवात केली आहे: उत्तर इंग्लंडमधल्या बूथ्स या साखळीने 2023 मध्ये बहुतेक दुकानांतली ही यंत्रे काढण्याचे जाहीर केले, तर अमेरिकेत 2024 मध्ये डॉलर जनरल या स्वस्त दुकानांच्या साखळीने हजारो दुकानांत ती बंद केली आणि टार्गेटने दहा वस्तूंची मर्यादा घातली. दरम्यान अनेक महादुकानांत साबण, दाढीची पाती आणि औषधे काचेच्या कपाटात कुलपाखाली गेली आहेत. बटण दाबायचे आणि किल्लीवाला येईपर्यंत थांबायचे. म्हणजे 1916 साली उठवलेला काउंटर परत आला. फक्त त्याच्यामागे उभा राहणारा माणूस परत आलेला नाही.

गिऱ्हाइकाची कुरकुर ही, अशा रीतीने, न मिळालेल्या मजुरीची तक्रार आहे. तिला लाडावलेपणा म्हणणाऱ्यांना तिचे हे अर्थशास्त्र दिसत नाही. आणि 'मग शेजारी जा' म्हणणाऱ्यांनाही ते दिसत नाही, कारण त्यांनी तिला निष्ठेचा प्रश्न करून टाकले आहे.

खर्च ढकलण्याची दुसरी दिशा पुरवठादाराकडे जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतली 'ए अँड पी' ही किराण्याची साखळी 15,000 हून अधिक दुकानांपर्यंत वाढली होती. माल घाऊक घेतला की वाहतूक आणि हाताळणी स्वस्त पडते, हे कोणी नाकारत नव्हते. आक्षेप असा होता की, या खऱ्या बचतीच्या पलीकडे जाऊन, केवळ आकाराच्या धाकाने, ही साखळी जाहिरातीच्या नावाखाली, दलालीच्या नावाखाली खास सूट उकळते. आणि ती भरून काढायला पुरवठादार लहान दुकानदाराला तोच माल चढ्या दराने देतो. 1936 च्या रॉबिन्सन-पॅटमन कायद्याने नेमकी हीच रेषा आखली: खर्चातल्या खऱ्या फरकाइतकी सूट चालेल, त्याहून अधिक भेदभाव चालणार नाही. शेजारचा दुकानदार महाग का, या प्रश्नाचे एक उत्तर इथे दडलेले आहे. तो आळशी असेल, हावराही असेल. पण कित्येकदा ज्या भावाने महादुकान विकते त्या भावाने त्याला घाऊकीतही माल मिळत नाही. अशा वेळी त्याच्या महागाईला त्याचा स्वभाव म्हणणे म्हणजे शर्यतीत एकाच्या पायाला दगड बांधून दुसऱ्याच्या चपळाईचे कौतुक करणे होय.

तिसरी दिशा गावाच्या तिजोरीची. अमेरिकेत मिशिगन, विस्कॉन्सिन, इंडियाना अशा राज्यांत महादुकानांच्या मालकांनी मालमत्ता करासाठी जो युक्तिवाद केला, त्याला 'डार्क स्टोअर' सिद्धान्त असे नाव पडले आहे. त्यांचे म्हणणे असे की, आमची इमारत फक्त आमच्याच कामाची आहे, म्हणून तिचे मूल्य ठरवताना तुलना बंद पडलेल्या, दिवे मालवलेल्या दुकानांच्या विक्रीशी करावी. आता ती रिकामी दुकाने इतकी स्वस्त का जातात? पुष्कळदा यासाठी की, विकताना कंपनीनेच खरेदीखतात अट घातलेली असते की इथे प्रतिस्पर्धी दुकान काढता येणार नाही. स्वतः किंमत पाडायची आणि पाडलेली किंमत दाखवून कर कमी करून घ्यायचा! एस्कनाबा या मिशिगनमधल्या लहानशा शहराने एका महादुकानाविरुद्ध हे प्रकरण लढवले आणि 2016 मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने, अशा अटींनी बांधलेल्या विक्रींवर विसंबून ठरवलेले मूल्य अमान्य केले. शेजारच्या चपलांच्या दुकानाला असा युक्तिवाद करणारा वकील परवडत नाही, आणि कमी पडलेला कर शेवटी त्याच्यासारख्यांकडूनच भरून घ्यावा लागतो.

इथे एक उपप्रश्न येतो, आणि तो वाद घालणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच असतो. 'स्थानिक' म्हणजे काय? अंतराने जवळ, की मालकीने जवळ? डॉलर जनरल या साखळीची दुकाने 2024 मध्ये 20,000 च्या वर गेली. ती लहान आहेत, वस्तीत आहेत, आणि कित्येक खेड्यांत तर एकमेव आहेत. पण त्यांची खरेदी, त्यांचे भाव आणि तिथल्या नोकरांची संख्या दूरच्या मुख्यालयात ठरते. वस्तू लहान पुड्यात विकल्यामुळे किंमत कमी दिसते, वजनावर भाग दिला तर अनेकदा ती महादुकानाहूनही जास्त निघते. केवळ जवळ आहे म्हणून चांगले, असे मानणाऱ्याला हे दुकान आदर्श वाटायला हवे.

आता प्रतिपक्षाचा शेवटचा आणि सर्वांत अनुभवसिद्ध मुद्दा. नियम करा म्हणणे सोपे. पण लहान दुकाने वाचवण्यासाठी केलेल्या नियमांचा इतिहास काही अभिमानास्पद नाही. 1920-30 च्या दशकांत अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी साखळी दुकानांवर, दुकानांची संख्या वाढेल तसा वाढत जाणारा कर बसवला. कॅलिफोर्नियात मात्र 1936 साली हा प्रश्न थेट मतदारांपुढे गेला तेव्हा त्यांनी तो कर फेटाळला, कारण आपल्या जेवणावरच कर बसतो आहे, हे त्यांना पटवून देण्यात साखळ्यांना यश आले. फ्रान्सने 1973 च्या रॉयेर कायद्याने हजार-दीड हजार चौरस मीटरहून मोठ्या दुकानाला स्थानिक समितीची परवानगी सक्तीची केली. परिणाम? आधीपासून असलेल्या हायपरमार्केटांना नव्या स्पर्धेपासून संरक्षण मिळाले, परवानग्यांभोवती लाचखोरीची प्रकरणे उभी राहिली, आणि मारियान बर्ट्रांड व फ्रान्सिस क्रामार्झ या अर्थतज्ज्ञांनी 2002 मध्ये दाखवले की, जिथे समित्या अधिक अडवणूक करत होत्या तिथे किरकोळ व्यापारातला रोजगारही कमी वाढला. 1996 च्या गालां कायद्याची कथा तर आणखी बोधप्रद आहे. बिलातल्या खरेदी किमतीखाली विकायला त्याने बंदी घातली. साखळ्यांनी मग सूट बिलात न घेता वर्षअखेर वेगळ्या मार्गाने घ्यायला सुरुवात केली. बिलातली किंमत उंच राहिली, ग्राहकाने ती मोजली, आणि फरक साखळीच्या खिशात गेला.

हे सारे खरे आहे आणि तरीही त्यातून 'नियम नकोत' असा निष्कर्ष निघत नाही. फसलेल्या नियमांत एक समान धागा आहे: ते दुकानाचा आकार मोजत होते, किंवा दुकानाने शेवटी कोणती किंमत लावावी यात हात घालत होते. दुकान चारशे चौरस मीटरचे असो की दहा हजारांचे, गिऱ्हाइकाला त्याचे सोयरसुतक नसते आणि कायद्यालाही नसावे. कायद्याने वागणूक पाहावी. ब्रिटनने 2010 मध्ये मोठ्या किराणा साखळ्यांसाठी पुरवठादारांशी वागण्याची आचारसंहिता लागू केली आणि 2013 मध्ये तिच्या अंमलबजावणीसाठी निवाडा करणारा स्वतंत्र अधिकारी नेमला. या अधिकाऱ्याने 2016 च्या जानेवारीत टेस्को या बलाढ्य कंपनीवर ठपका ठेवला तो ती मोठी आहे म्हणून नव्हे. पुरवठादारांचे पैसे मुद्दाम उशिरा देऊन ती स्वतःचा नफा फुगवत होती म्हणून. या व्यवस्थेने ब्रिटनमध्ये सुपरमार्केटे बंद पडली नाहीत. अमेरिकेचा 1936 चा रॉबिन्सन-पॅटमन कायदा कित्येक दशके धूळ खात पडला होता. 2024 च्या डिसेंबरात तिथल्या व्यापार आयोगाने मद्याच्या एका सर्वांत मोठ्या घाऊक वितरकाविरुद्ध त्याच कायद्याखाली खटला भरला, आणि त्यातला आरोप नव्वद वर्षांपूर्वीचाच आहे: एकाच बाटलीसाठी लहान दुकानाला जास्त आणि साखळीला कमी दर. असा खटला जिंकला तर महादुकानाची एकही वीट हलत नाही. लहान दुकानदाराच्या पायाला बांधलेला दगड तेवढा सुटतो.

तरीही कायदा अर्धेच काम करतो. उरलेले अर्धे दुकानदारांनी करायचे आहे, आणि ते करून दाखवल्याची उदाहरणे जुनी आहेत. 1898 मध्ये बर्लिनमधल्या काही किराणा दुकानदारांनी एकत्र येऊन खरेदी-सहकारी संस्था काढली. तिच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून एडेका हे नाव तयार झाले आणि आज जर्मनीतल्या किराणा व्यापारात ती आघाडीवर आहे, तरीही तिची बरीचशी दुकाने स्वतंत्र व्यापाऱ्यांच्या मालकीची आहेत. 1932 मध्ये नेदरलँड्समध्ये स्पार या किराणा दुकानांच्या जाळ्याची सुरुवात अशाच कल्पनेतून झाली, 1949 मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या लांदेर्नो गावी एदुआर लक्लेर यांनी काढलेल्या दुकानातून स्वतंत्र मालकांची प्रचंड फळी उभी राहिली, आणि अमेरिकेत एस हार्डवेअर या खिळे-स्क्रूंच्या दुकानांच्या जाळ्याची मालकी 1970 च्या दशकात दुकानदारांकडेच आली. खरेदी एकत्र, दुकान स्वतंत्र. महादुकानाच्या स्वस्तपणातला जो खरा, कार्यक्षमतेचा भाग आहे तो असा उचलता येतो. वॉलमार्ट 1997 मध्ये जर्मनीत उतरले आणि 2006 मध्ये आपली दुकाने विकून निघून गेले. त्याच्या माघारीला त्याच्या स्वतःच्या चुकाही पुष्कळ कारणीभूत होत्या. पण ज्या बाजारात सवलतीची देशी दुकाने आणि संघटित स्वतंत्र दुकानदार दोघेही आधीच पाय रोवून उभे होते तिथे केवळ आकाराचा दरारा फारसा चालला नाही.

यावर कोणी म्हणेल की, एडेका आता स्वतःच राक्षस झाली आहे. आक्षेप रास्त आहे. एक सवलतीची साखळी ताब्यात घेतल्यानंतर तिने पुरवठादारांकडे जी जादा सूट मागितली तिला जर्मनीत उपरोधाने 'लग्नाची सूट' म्हटले गेले, आणि 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तो बाजारातल्या बळाचा गैरवापर ठरवला. सहकार हा साधुत्वाचा दाखला नाही. म्हणूनच नियम वागणुकीचा हवा, जो वॉलमार्टलाही लागेल आणि लहान दुकानदारांच्या संघालाही लागेल. शेजारच्या दुकानदाराला दयेची गरज नाही, आणि ती मागून त्याने आजवर काही मिळवलेले नाही. दया दाखवणारे गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येते, बाकीचे एकोणतीस दिवस ते हिशेबाने वागते.

बहिष्काराच्या हाकांबद्दल म्हणूनच मला फारसा उत्साह वाटत नाही. गिऱ्हाईक जिथे परवडेल तिथे जाईल, आणि जावे. पण जाणाऱ्याने तक्रार करण्याचा हक्क गमावला, हे मला मान्य नाही. ओहायो राज्यात नेमके काय घडले ते पाहावे. डॉलर जनरलच्या दुकानांत फळीवर एक किंमत आणि बिलात दुसरी लागते, अशी तिथल्या लोकांची कुरकुर होती. म्हणजे या लेखाच्या सुरुवातीला आलेली तीच तक्रार, जिच्यावर 'मग जाता कशाला' हे उत्तर ठरलेले आहे. जिल्ह्यांच्या वजनमापे तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांनी फळीवरच्या वस्तू उचलल्या, काउंटरवर नेल्या आणि दोन्ही आकडे ताडून पाहिले. 2022 च्या नोव्हेंबरात राज्याच्या महाधिवक्त्यांनी दावा दाखल केला, आणि पुढच्या वर्षी कंपनीने 10 लाख डॉलर भरून आणि किमती नियमित तपासण्याची हमी देऊन तडजोड केली. त्यासाठी कोणाला त्या दुकानात जाणे सोडावे लागले नव्हते.